काट्यांखालचं पाणी

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत कुणाची सून माहेराहून बाळ घेऊन आली, की शेजारणी तिला आधी एकच सांगायच्या. दुपारी बाळ झोपलं की दाराला आतून कडी लाव. नाहीतर कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी येईल आणि उठवून जाईल.

ती म्हातारी म्हणजे माझी आई.

चोरासारखी शिरायची. चप्पल बाहेर काढायची, पाळण्यावर वाकायची, बाळाचा श्वास चाललाय का ते बघायची नाही, सरळ तळपायाला चिमटा काढायची. बाळ ट्यांऽ करून उठलं की हिचा चेहरा सैल व्हायचा. "रडलं, रडलं," असं म्हणत चपला घालून चालू लागायची. मागं ती सून कपाळाला हात लावून बसलेली.

माझ्या स्वतःच्या सुनेचं आणि तिचं तर यावरून रोज वाजायचं.

"आजी, तासभर मांडी हलवलीय हो मी, तेव्हा कुठं झोपला होता!"

"मग काय झालं? पुन्हा झोपंल."

"तुम्हाला काय मिळतं पण त्याला रडवून?"

सून माझ्याकडं बघायची, मी भांड्यांकडं. गल्लीत सगळ्यांना वाटायचं वयानं डोकं फिरलंय. पण वयाचं काही नव्हतं. मी लहान होते तेव्हापासून ती असंच करायची. कधीपासून ते मला ठाऊक होतं. का, ते मला फार उशिरा कळलं, आणि ते लिहावं म्हणून बसलेय.

आधीच सांगून ठेवते, मी शिकलेली बाई नाही. शाळा दुष्काळात सुटली ती सुटलीच. आम्ही ख्रिस्ती, आजोबांच्याही आधीपासून. घरात पुस्तक म्हणाल तर एकच, आमचं पवित्र शास्त्र, आणि वडलांनी त्यातलीच अक्षरं बोटानं दाखवली. अजूनही मी बोट ठेवूनच वाचते. बोट उचललं की ओळ पळून जाते. आमच्या बायकांच्या प्रार्थनेच्या बैठकीत माझी वाचायची पाळी आली की एक जण हटकून म्हणणार, "ताई सुरू करा, तोवर मी चहा उकळून आणते. दुसरा कप झाला की आमेन होईल."

आणि दुसरं असं, की यात मी कुणाचं नाव घालणार नाही. आमच्या घरात एका नावाला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही. मग बाकीच्यांची तरी कशाला मिरवायची? शास्त्रातल्या माणसांचीसुद्धा नकोत.

तर दुष्काळ. बहात्तरचा. आमचं गाव जालन्याच्या बाजूला. वडील आधीच चिकलठाण्याला निघून गेले होते. तिथं कारखाने उभे राहत होते, पाया खोदायला माणसं लागत होती. खोली बघतो आणि बोलावतो, असं सांगून गेलेले. बोलावणं आलं नाही, आणि घरातली जवारी संपली. आई म्हणाली, "चला. बोलवायची वाट बघत बसलो तर बोलवायला कुणी ऱ्हायचं नाय."

माझा धाकटा भाऊ तेव्हा नुकता बसायला लागला होता. त्याला जुलाब लागले होते. गावात ज्याच्या त्याच्या घरी तेच, कारण पाणीच तसलं. मी त्याच्याहून बरीच मोठी, त्याला काखेला मारून गावभर हिंडणारी. तशीच निघाले. आईच्या डोक्यावर बोचकं, कमरेला पाण्याची कळशी.

सडकेनं गेलो असतो तर एखादा ट्रक थांबला असता कदाचित. हा 'कदाचित' आईनं आयुष्यभर चघळला असणार. पण सडकेला सावली नव्हती, आणि नदीच्या पात्रानं जवळ पडतं, काठाला बाभळी आहेत, असं कुणीतरी सांगितलेलं. नदी म्हणजे नुसती वाळू. कळशीतलं पाणी ऊन डोक्यावर यायच्या आत संपलं. वाटेत विहीर दिसली की आई कठड्यावरून वाकून बघायची आणि पुढं चालू लागायची. मग मी विचारायचं सोडून दिलं.

पात्रात एका जागी, काठाच्या खालच्या अंगाला, काट्यांचा ढीग होता. बाभळीच्या वाळक्या फांद्या, आणि वर दगड ठेवलेले. खेड्यातल्या माणसाला हे सांगायला नको, पण आमच्या नातवंडांना कळावं म्हणून सांगते. लहान लेकरू गेलं तर ते पुरतात, मग घर कुठल्याही धर्माचं असो. खड्डा उथळ असतो, खोल खणायला अंगात बळ कुणाच्या असतं? म्हणून कुत्र्याकोल्ह्यांनी उकरू नये यासाठी वर काटे टाकायचे, काट्यांवर दगड. त्या साली असले ढीग जागोजाग दिसायचे. दिसला की बायका डोक्यावर पदर घ्यायच्या आणि बाजूनं जायच्या.

आईनंही पदर घेतला. पण बाजूनं गेली नाही. तिथंच बसली.

भावाची मान मागं पडत होती. डोळे अर्धे उघडे. सकाळपासून तो रडला नव्हता, आणि आम्हाला वाटलं होतं बरं झालं, जरा शांत झालाय. आईनं लुगड्याचा धडपा वाळूवर अंथरला, त्या ढिगाची जेवढी काय सावली होती तिच्यात त्याला ठेवलं आणि मला म्हणाली, "हितं बस. माशा वार." मग ढिगाकडं तोंड करून हळूच बोलली. मला आधी वाटलं मलाच काही सांगतेय. "तुझ्यासंगं खेळायला आणलंय बघ," म्हणाली.

आणि उठून काठावर चढून गेली. गोफणीतला दगड जाऊन पडेल एवढी लांब. तिथं आमच्याकडं पाठ करून बसली.

मी हाका मारल्या. जीभ टाळूला चिकटलेली, आवाज निघेना. ती पाठ मला अजून दिसते. हिरवं लुगडं, खांद्यावर विटलेलं. कधी बाजारात गर्दीत एखादी बाई तशी पाठमोरी उभी असली तर माझे पाय थांबतात.

मेंढ्या आधी आल्या. त्यांच्यामागून एक बाई, काखेला घागर, हातात झाडपाला ओढायची आकडी. आमच्याकडं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि सरळ ढिगापाशी आली. आकडीनं वरचे दगड पाडायला लागली. मग काटे ओढायला.

कुठून आवाज आला ठाऊक नाही, मी किंचाळले. "आईऽ! बाई लेकराला वर काढतीय!"

आई काठावरून घसरत खाली आली. तिनं त्या बाईचा दंडच धरला. "नगं गं माय! कुणाच्या तरी लेकराची माती हाय ती. नगं उकरू."

"कुणाच्या लेकराची?" ती बाई म्हणाली. "येडी का काय तू? माझा झिरा हाय ह्यो. मेंढरं घाण करत्यात म्हून झाकून ठिवते."

झिरा म्हणजे कोरड्या नदीत वाळू उकरून केलेला खड्डा. पाणी खालून पाझरत येतं आणि ते वाटीनं वाटीनं भरायचं. ज्यानं खणला त्यानं जपायचा, म्हणून वर काटे. शेवटची फांदी निघाली आणि खाली ओल्या वाळूचा खळगा दिसला, तळाशी पाणी. आमच्यापासून हातभर लांब. मी ज्या ढिगाला टेकून माशा वारत होते, त्याच ढिगाखाली.

त्या बाईनं वाटी माझ्या तोंडाला लावली. "हळू. घुटक्याघुटक्यानं पी, न्हायतर वकशील." मी प्यायले. त्या पाण्याला मेंढ्यांचा वास होता, आणि तसलं गोड पाणी मी पुन्हा कधी प्यायलेलं नाही.

भावाच्या तोंडात आईनं बोटानं पाणी सोडलं. ते ओठाच्या कडेनं बाहेर आलं. पुन्हा सोडलं, पुन्हा बाहेर. बाईनं त्याच्या छातीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. तहानलेल्या मेंढ्या आम्हाला रेटून झिऱ्यात तोंड घालत होत्या आणि तिनं त्यांना हाकललंसुद्धा नाही.

आई रडली नाही. एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती. "मी हितंच बसले होते. हितं. नुसता हात घातला असता तर."

"काटं बघून कोण हात घालतंय, बाई?" ती म्हणाली.

काठावर, कधी पूर आला तरी पाणी चढणार नाही अशा जागी, दोघींनी खड्डा केला. आता वर टाकायला काटे हवेत, तर जवळच्या बाभळी शेळ्यांसाठी लोकांनी पार ओरबाडून नेलेल्या. मग त्या बाईनं झिऱ्यावरचे निम्मे काटे उचलून आणले आणि माझ्या भावावर घातले. उरलेल्या निम्म्यांत झिरा झाकला. तो काही नीट झाकला गेला नाही, फटी राहिल्या. तिला त्या दिसत होत्या. घागर उचलून ती मेंढ्यांमागं गेली. पुन्हा कधी भेटली नाही.

थोडं पुढं गेल्यावर मी वळून बघितलं. दोन ढीग सारखेच दिसत होते. कशाखाली पाणी आहे आणि कशाखाली माझा भाऊ, हे लांबून कुणाला सांगता आलं नसतं.

वडील सापडले. आईनं त्यांना "वाटंत गेला" एवढंच सांगितलं. वडलांनी काही विचारलं नाही, किंवा माझ्यासमोर विचारलं नाही. त्या दिवसानंतर त्याचं नाव घरात निघालं नाही. पुढं मला आणखी भावंडं झाली, त्यांना तर असा कुणी होता हेच ठाऊक नाही.

मोठी झाल्यावर मला वाचता यायला लागलं आणि मग शास्त्राच्या जुन्या भागातली ती दासीची गोष्ट माझ्या हाती आली. तुम्ही ऐकली नसेल तर थोडक्यात सांगते. एका मोठ्या घरात एक दासी होती. मालकिणीला मूल होईना म्हणून तिला मालकाला दिली, तिला मुलगा झाला. पुढं मालकिणीची कूस उजवली, आणि मग ही दोघं डोळ्यांत खुपायला लागली. पहाटे तिच्या खांद्यावर भाकरी आणि पाण्याची पखाल दिली आणि दोघांना घालवून दिलं. रानात फिरता फिरता पाणी संपलं. तिनं लेकराला एका झुडपाखाली टाकलं आणि बाण जाऊन पडेल एवढी लांब जाऊन बसली. लेकराचं मरण मला बघायला नको, म्हणाली. मग वरून हाक आली. भिऊ नको, देवानं ऐकलंय. देवानं तिचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली.

पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि ओट्यावर ठेवून दिलं. एवढ्या जुन्या काळी कुणीतरी आमच्या आईला बघितलं होतं असं वाटलं. तिथपर्यंत सगळं तेच. फक्त तिचे डोळे उघडले तेव्हा तिला विहीर दिसली आणि आईला दिसली ती लेकराची माती.

आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ही गोष्ट निघाली की आई उठून बाहेर जायची. चपला नीट लावत बसायची, सगळ्यांच्या. लोक म्हणायचे, बघा, म्हातारीची सेवा.

इकडं शहर वाढत गेलं. चिकलठाण्याच्या अलीकडं पलीकडं, जिथं नुसती ढेकळं होती तिथं घरं, घरांवर घरं. वडलांनी पुंडलिकनगरात तुकडा घेतला, पत्रे टाकले, मग स्लॅब पडला. नदीकाठच्या त्या जागेवर कधी वस्ती चढली ते आम्हाला कळलंही नाही. आता त्या नदीला बारा महिने पाणी असतं, शहराचं सांडपाणी, काळं. जालना रोडनं रिक्षातून जाताना त्या अंगाला आली की आई घरांकडं टक लावून बघायची.

एकदा म्हणाली, "कुणाच्या घराखाली असंल गं?"

मी म्हटलं, "आई, नको."

"मोरीखाली असला तर बरं," ती म्हणाली. "रोज पाणी मिळत असंल."

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. मी त्याला म्हटलं, "तुम्ही चला हो भैया."

मग ते साल आलं, लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं ते. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. टँकर आला की गल्लीत ड्रमांची रांग आणि भांडणं. त्यातही बायका हसायच्या. आमच्यातली एक जण म्हणाली, "शास्त्रातल्या त्या विधवेच्या घरचं पीठ आणि तेल दुष्काळभर संपलं नाही म्हणतात. मला पीठ नको, तेल नको. देवा, न संपणारा एक टँकर तेवढा दे." पलीकडची म्हणाली, "टँकर देईल गं, पण डायवर कुठून आणायचा? तो दारूतच संपतो."

आई तेव्हा खाटेला खिळली होती. कमरेचं हाड मोडलं होतं. तिला आता उठून कुणाची बाळं रडवता येत नव्हती. बाहेरच्या खोलीतच तिची खाट, आणि त्या महिन्याची प्रार्थनेची बैठक आमच्याकडं. बैठक चालवणाऱ्या पाळकबाईंनी दुष्काळ आहे म्हणून नेमकी तीच दासीची गोष्ट काढली. मी आईकडं बघितलं. तिनं भिंतीकडं तोंड केलं. बाहेर जायची सोय उरली नव्हती.

पाळकबाईंचं सांगणं छान असतं, डोळ्यांसमोर उभं करतात. "ते लेकरू तहानेनं टाहो फोडत होतं," त्या म्हणाल्या, "आणि देवानं लेकराचं रडणं ऐकलं. आपणही त्याला हाक मारू या, तो ऐकतो."

समोरच्या वहिनीही बसल्या होत्या. त्यांचे सासरे भिक्षुकी करायचे, नवरा कचेरीत. दर बैठकीला येतात, प्रार्थना तुमची आणि चहा माझा, म्हणतात. त्या म्हणाल्या, "अगदी खरं. आमच्यात नाही का, मगरीनं हत्तीचा पाय धरला, त्यानं हाक मारली, आणि देव जेवत्या ताटावरून धावत आला."

खाटेवरून आवाज आला. "हत्ती मोठा असतोय. त्याचा आवाज मोठा."

सगळ्या वळल्या. आई भिंतीकडंच बघत होती.

"काय म्हणालात, आजी?"

"त्या दासीचं पोरगं रडलं म्हून ऐकलं. हत्ती वरडला म्हून ऐकलं. जे रडंनाच, त्याचं काय?"

पाळकबाई उठून खाटेपाशी आल्या. चांगल्या आहेत त्या, आईचा हात हातात घेतला. "देव सगळ्यांचं ऐकतो, आजी. मुक्यांचंही."

"कुठं लिहिलंय?"

पाळकबाई म्हणाल्या, "शोधून सांगते हं." वहिनी चहाचे कप गोळा करू लागल्या. माझ्या सुनेनं, जी कोपऱ्यात लेकराला मांडीवर घेऊन बसली होती, तिनं माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी तिला कळलं, तळपायाचे चिमटे कशाचे होते ते. मलाही तेव्हाच कळलं. आई बाळं उठवत नव्हती. ती त्यांचा आवाज वर पोचवत होती. न जाणो, एखादं गप्प पडलेलं असेल आणि वर कुणाला पत्ता नसेल.

बायका गेल्यावर आईनं मला जवळ बोलावलं. "तू वाचतीस ना सारखी? मग शोध. न रडणाऱ्याचं ऐकलं असं कुठं हाय ते मला दाखव. मी जायच्या आत."

"आई, पाळकबाई सांगतील ना—"

"तो भेटला तर काय सांगू त्याला? तुझं कुणी ऐकलं नाय, असं सांगू?"

मग मी शोधायला बसले. दुपारी, नळाची वाट बघत, मोटारीपाशी पाट टाकून. आणि बघा, एकदा तसं बघायला लागलं की शास्त्रात जो तो ओरडतच असतो. विटा थापणारे गुलाम आक्रोश करतात, तो वर जातो. माशाच्या पोटातला माणूस तिथून हाक मारतो. कावळ्याची पिल्लंसुद्धा ओरडतात. ज्याची सुटका झाली त्यानं आधी आवाज काढला. मला भीती वाटायला लागली. एवढं वाचून शेवटी आईला जाऊन नाही म्हणायचं, आणि तिनं तेच उत्तर घेऊन जायचं?

एक बाई सापडली. तिला मूल नव्हतं, देवळात जाऊन मनातल्या मनात बोलत होती, आवाज नाही, नुसते ओठ हलत होते. पुजाऱ्याला वाटलं प्यायलीय. पण देवानं तिचं ऐकलं. मी धावत आईकडं गेले.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ओठ तर हलत होते."

मी परत पाटावर येऊन बसले.

बरेच दिवस गेले. आईचं खाणं कमी झालं. मी सगळीकडं शोधलं होतं, फक्त त्या दासीच्या गोष्टीत नाही, कारण ती मला पाठ होती. एका दुपारी दुसरं काही उरलं नाही म्हणून तीच काढली आणि पहिल्या अक्षरापासून बोट ठेवत निघाले. झुडूप आलं. बाणाचा टप्पा आला. ती समोर बसली. मग मोठ्यानं रडली. माझं बोट तिथं थांबलं. रडली. ती. आई रडली. मी पुढची ओळ वाचली, तर देवानं ऐकलं ते लेकराचं.

मी परत वर गेले. लेकरू रडलं असं वर कुठंच नव्हतं. खाली बघितलं, खालीही नव्हतं. आपण गोष्ट सांगताना सगळे सांगतो की ते टाहो फोडत होतं, मीसुद्धा तसंच सांगायची, कारण लेकरू म्हटलं की रडणारच. पण माझ्या बोटाखाली ते कुठं रडत नव्हतं. झुडपाखाली गप पडलेलं होतं. आणि तरी ऐकलं ते त्याचंच.

नळ आला होता, मोटार तशीच राहिली. मी पुस्तक घेऊन खाटेपाशी गेले आणि वाचून दाखवलं.

"पुन्हा वाच," आई म्हणाली.

पुन्हा वाचलं.

"रडलं कोण?"

"ती. आई."

"आन् ऐकलं कुणाचं?"

"लेकराचं."

"मग लेकरू काय बोललं?"

"काहीच नाही, आई. काही लिहिलेलं नाही."

आईनं डोळे मिटले. मला वाटलं आता शांत झाली. पण ती म्हणाली, "ती रडली तरी. मी तर रडलेसुद्धा नाय. पाठ करून बसले."

"तुझ्या रडण्यावर होतं कुठं? तिच्या रडण्यावरही नव्हतं. बघ ना, ती एवढी रडली, तिचं ऐकलं असं म्हटलेलंच नाही."

"मग ऐकलं, तर पाणी का नाय दावलं?"

याचं उत्तर पाळकबाईंकडं असेल, पण मी त्यांना विचारलेलं नाही. मी म्हटलं, "पाणी तिथं होतं, आई."

"ते मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

बाहेर बायका एकमेकींना हाका मारत होत्या, पाणी आलं, पाणी आलं. आम्ही दोघी बसून राहिलो. मग आईनं विचारलं, "ऐकलं असंल तर कसला आवाज ऐकला असंल? माझ्या ध्यानात त्याचा आवाजच नाय. किती आठवते, नुसतं ते तोंड दिसतंय. तुला येतोय का याद?"

वडील गेल्यावर जगात तो आवाज ऐकलेल्या आम्ही दोघीच उरलो होतो. मी आठवायला लागले. त्याचा चेहरा मला आठवत नाही, खरं सांगते. पण डाव्या कमरेवर त्याचं ओझं आठवलं, त्याची ओली लंगोटी, माझ्या झंपराचा काठ मुठीत धरलेला. मग मी चालतेय असं आठवलं, आणि ते आलं. मी चालले की प्रत्येक पावलाला त्याच्या पोटातून एक आवाज निघायचा. रडणं नाही, हसणं नाही. हं. हं. हं. दचका बसला की हं. मला ते आवडायचं म्हणून मी मुद्दाम पाय आपटत चालायची. त्या दिवशीही सकाळी, वाळूत उतरेपर्यंत, तो करत होता.

मी आईला तो आवाज काढून दाखवला.

तिनं डोळे उघडले. "आणिक कर."

मी उठले, खाटेभोवती पाय आपटत चालले, या वयात, आणि हं हं करत राहिले. सून दारात येऊन उभी राहिली.

"व्हय," आई म्हणाली. "त्योच." आणि मग तिनं त्याचं नाव घेतलं. मोठ्यानं, एखाद्याला आतल्या खोलीतून बोलवावं तसं.

त्यानंतर फार दिवस ती राहिली नाही. जायच्या आधी पुष्कळ बोलली, सगळं त्याच्याविषयी. काय खायचा, कसा झोपायचा, कान कसा धरायचा. माझ्या भावंडांना ती भ्रमात बोलतेय असं वाटलं.

आता माझे गुडघे गेलेत. गच्चीवर कपडे घालायला जिना चढते तेव्हा पायरीला पायरीला माझ्याच तोंडून आवाज निघतो. हं. हं. तसाच, अगदी तसाच. मी मधेच थांबते. खालून सून विचारते, "दमलात का, आई? कपडे राहू द्या, मी घालते."

मी म्हणते, "नाय गं. जरा थांबलेय."